शिडाच्या होडीचे इंजिन: मागे टांगलेले पेट्रोलचे की पोटातले डिझेलचे?

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आमच्या होडीचे जुने डिझेल इंजिन गेले तीन आठवडे लोखंडी बाकावर उघडे पडले आहे. एकच सिलिंडर, नऊ अश्वशक्ती, वय तिशीच्या पुढे. सिलिंडरमधून आलेला धूर आणि इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी जिथे एकत्र मिसळून बाहेर जाते, तो धुराड्याचा ओतीव कोपरा मी हातात घेऊन उजेडाकडे धरला, तेव्हा ज्या भोकातून अंगठा सहज जायला हवा त्यातून पेन्सिलसुद्धा जाईना. काजळी आणि मीठ यांचा थर आत दगडासारखा बसला होता. मिस्त्रींनी छिन्नी लावल्यावर त्याचे पापुद्रे निघाले. दर हंगामात चार बोल्ट सैल करून आत डोकावले असते तर हे वेळीच दिसले असते, तेव्हा दोष आमचाच.

त्याची शिक्षा फेब्रुवारीत मिळाली. मुरूडहून रेवदंड्याकडे परतत होतो. दुपारभर वायव्येचा वारा चांगला होता, पण सूर्य कलला तसा तो पडला आणि आम्ही कुंडलिकेच्या मुखाशी पोहोचेपर्यंत उधाणाची ओहोटी जोरात सुरू झाली होती. खाडीतून बाहेर येणारा प्रवाह दोन-अडीच नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), शिडे लोंबकळलेली, आणि इंजिन सुरू करून दहा मिनिटे होतात न होतात तोच तापमानाची घंटी वाजू लागली. मागे वाकून पाहिले तर धुराड्यातून पाण्याऐवजी नुसती वाफ येत होती. इंजिन बंद केले, नांगर टाकला आणि कोर्लईच्या किल्ल्याखाली तो धरतो की सरकतो हे पाहत बसलो. जवळून जाणाऱ्या मच्छीमार बोटीच्या तांडेलाने लांबूनच विचारले, "पाणी फेकतंय का?" नाही म्हटल्यावर त्याने सांगितले, "मग परत चालू करू नका, मशीन जाम होईल," आणि दोर टाकून आम्हाला आत ओढून नेले. त्याने पैसे घेतले नाहीत; होडीवर घरची द्राक्षांची पेटी होती, तेवढी मात्र घेतली.

नाशिकचा माणूस आणि समुद्रात होडी, हे ऐकून लोक हसतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची वानवा असलेल्या गावातून निघून दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरले आणि तेरावे आले, हे मी अशा वेळी सांगतो. त्यांना इंजिनाची गरज नव्हती, आम्हाला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर राहणाऱ्या आणि होडीपर्यंत पोहोचायला कसारा घाट उतरून २५० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाची इंजिनाकडून जी अपेक्षा असते, ती बंदराशेजारी राहणाऱ्या माणसाच्या अपेक्षेहून वेगळी असते. परदेशी पुस्तकांतील सल्ले वाचताना हे मला बरेच उशिरा उमगले.

होडी २७ फुटांची, पाण्याच्या रेषेवर मोजली तर २२ फुटांची, आणि सामानसुमानासह वजन अडीच टनांच्या घरात. अशी पाणी कापत जाणारी जड होडी एका मर्यादेपलीकडे वेग घेत नाही, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते. जलरेषेच्या फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. आमच्या बाबतीत ती ६.३ नॉट, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटरच्या जवळपास येते. त्यापुढे कितीही अश्वशक्ती ओतली तरी होडीची पिछाडी खाली बसते आणि डिझेल जळते, बाकी काही होत नाही. शांत पाण्यात पाच नॉटने जायला टनामागे दोन अश्वशक्ती पुरतात. समोरून वारा आणि लाटा असतील तर टनामागे चार धराव्यात. म्हणजे आम्हाला दहा ते चौदा अश्वशक्ती पुरेशा आहेत, मग इंजिन कोणत्याही जातीचे असो.

मात्र कागदावरची अश्वशक्ती आणि पाण्यातला रेटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: मोटारसायकलला बारा अश्वशक्ती असतात म्हणून तिच्यामागे कोणी नांगर जोडत नाही. (नांगर हा शब्द आमच्या घरात जमीन फाडणारा, होडीवर जमीन धरून ठेवणारा, दोन्हीकडे तो ओढणे हे कष्टाचेच काम.) सर्वसाधारण आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेर टांगलेले पेट्रोलचे इंजिन, मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेते, दातेरी चाकांतून ते निम्म्याच्या आसपास आणते आणि पाण्यातला आठ-नऊ इंची पंखा (प्रोपेलर) फिरवते. हलक्या, पाण्यावर घसरणाऱ्या बोटीसाठी हे उत्तम आहे; अडीच टनांच्या होडीखाली मात्र असा लहान पंखा पाणी नुसते घुसळत राहतो. होडीतले डिझेल इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत जाते आणि गिअरमधून दीड-दोन हजारांच्या खाली आणून चौदा-पंधरा इंची पंखा फिरवते. मोठा पंखा सावकाश फिरला की रेटा जास्त मिळतो, आणि विशेषतः जेटीला लागताना उलटा गिअर टाकून होडी थांबवायची असते तेव्हा हा फरक पोटात गोळा आणण्याइतका जाणवतो. शिडाच्या होड्यांसाठी म्हणून जास्त रेट्याची आउटबोर्ड वेगळी मिळतात, ज्यांत फेरे जवळजवळ एकतृतीयांशावर आणून मोठा पंखा दिलेला असतो. आउटबोर्डच घ्यायचे असेल तर याच जातीचे घ्यावे, आणि त्याचा पाय, म्हणजे पंख्यापर्यंत पाण्यात उतरणारा भाग, २५ इंची असावा, लहान मोटरबोटींना लागतो तसा १५ इंची नव्हे.

होडीत माझा अर्धा वाटा आणि आमच्या मेहुण्यांचा अर्धा. ते पहिल्यापासून आउटबोर्डच्या बाजूचे, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नव्हते. "दाजी, ते मशीन डिकीत टाकून घरी आणता येईल," हा त्यांचा मुख्य मुद्दा. जून ते सप्टेंबर होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असते, आणि त्या चार महिन्यांत ४५-५० किलोचे इंजिन दोघांनी उचलून नाशिकला आणावे, पिंपात पाय बुडवून गोड्या पाण्याने धुवावे, सवडीने दुरुस्त करावे, ही कल्पना मलाही मोह पाडणारी होती. डिझेल इंजिन शंभर किलोंच्या आसपास. ते होडीतून काढायचे तर चेन-पुली, ओंडके आणि चार माणसे लागतात, हे आम्ही नुकतेच अनुभवले. शिवाय आउटबोर्डसाठी होडीच्या बुडाला भोक पाडावे लागत नाही, पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, थेंब गळत नाहीत, आणि शिडावर जाताना ते वर उचलून घेता येत असल्यामुळे पाण्यात काहीही ओढले जात नाही. पाण्याखाली कायम राहणारा तीन पात्यांचा पंखा होडीचा अर्धा-पाऊण नॉट सहज खातो, आणि मंद वाऱ्यात तेवढाच तर वेग असतो. मिळालेल्या दरपत्रकांत डिझेलचा खर्च बसवण्यासकट आउटबोर्डच्या तिपटीहून अधिक होता, तो मुद्दा वेगळाच.

त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा जाळ्यांचा होता. कोकण किनाऱ्यावर रात्री जाताना खुंटांना बांधलेली डोल जाळी आणि तरंगते दोर केव्हा पंख्यात येतील याचा नेम नसतो. आउटबोर्ड वर उचलून, डेकवर पालथे पडून, सुरीने दोर कापता येतो. डिझेलच्या शाफ्टला दोर गुंडाळला तर कोणाला तरी पाण्यात उतरून होडीखाली जावे लागते. आजवर दोनदा तो कोणीतरी मी होतो. भरसमुद्रात, होडी वरखाली आपटत असताना, तिच्या पोटाखाली सुरी घेऊन श्वास धरण्याचा अनुभव मी कोणालाही सुचवणार नाही.

शेवटी वाद थांबवून आम्ही एका परिचितांकडून लांब पायाचे आउटबोर्ड दोन दिवसांसाठी मागून आणले आणि पिछाडीला तात्पुरता लाकडी ब्रॅकेट ठोकला. खाडीत ते सुरेख चालले. आवाज कमी, थरथर कमी, आणि संपूर्ण इंजिनच वळवता येत असल्यामुळे होडी जागच्या जागी फिरत होती. मेहुणे माझ्याकडे पाहत काही न बोलता हसत होते. दुपारी खाडीबाहेर गेलो. वायव्येचा वारा चढला होता, लाटा फार मोठ्या नव्हत्या, मीटरभराच्या, पण आखूड अंतराच्या. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, लाटेत शिरली की पिछाडी वर उचलली जायची, पंख्याला पाण्याऐवजी हवा लागायची आणि इंजिन किंचाळायचे. पिछाडी आपटली की आवाज एकदम दबायचा आणि पुढच्या लाटेला पुन्हा किंचाळी. मी घड्याळ लावून पाहिले तर मिनिटाला सात-आठ वेळा हे होत होते आणि होडी दोन नॉटच्या वर जात नव्हती. मधल्या भागात, तळाशी बसवलेल्या डिझेलचा पंखा सुकाणूच्या पुढे, खोल पाण्यात असतो. पिछाडीच्या टोकाला ४५ किलो टांगलेले नसल्यामुळे होडी झुलतेही कमी. जेव्हा इंजिनावाचून गत्यंतर नसते, म्हणजे समोरून वारा, लाट आणि काळोख, नेमक्या तेव्हाच आउटबोर्डची ताकद पाण्याबाहेर जाते. त्या संध्याकाळी मेहुणे हसले नाहीत.

इंधनाचा प्रश्न आपल्याकडे आणखी वेगळ्या वळणाने येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडी हे मुळात वरून उघडे भांडे असल्यामुळे ती तळाशी साचते. एका ठिणगीचे काम राहते. म्हणून पेट्रोलची टाकी बाहेर हवा जाणाऱ्या कप्प्यातच ठेवावी लागते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या हवेत दमटपणाला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळे होते आणि इंजिन नेमके तळातलेच आधी ओढते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसून सुईसारखी भोके बंद होतात, ते वेगळेच. आउटबोर्ड ठेवणाऱ्याने दर खेपेला इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवावी. महिन्यातून एकदा होडीवर जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर हे धार्मिक विधीसारखे पाळावे लागेल.

डिझेलही साधुसंत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतल्या भिंतींवर पाणी धरते, ते तळाशी साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून काळा शेवाळासारखा गाळ तयार होतो, जो समुद्र खवळला की ढवळून थेट फिल्टरमध्ये जातो. टाकी काठोकाठ भरून ठेवणे आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची खालची तोटी दर खेपेला सोडून पाहणे हाच उपाय. पण या रोगांशी माझी जुनी ओळख आहे. दिंडोरी तालुक्यातील आमच्या मळ्यात विहिरीवर डिझेल इंजिन होते आणि त्याने एअर घेतली की आप्पा, म्हणजे माझे वडील, पाना घेऊन बसत. नळीचा बोल्ट अर्धा आटा सैल करायचा, हाताच्या पंपाने डिझेल ढकलायचे, फेसाळ येणारे डिझेल बुडबुड्यांशिवाय स्वच्छ येऊ लागले की बोल्ट आवळायचा. मग हँडल मारताना नोझलमधून येणारी ती बारीक करकर ऐकायची. ती करकर आली की इंजिन सुरू होणार, नाही आली तर नाही. मी दहा वर्षांचा असताना शिकलेली ही गोष्ट होडीवर जशीच्या तशी लागू पडते. डिझेलला हवा, स्वच्छ इंधन आणि थंड करणारे पाणी एवढेच हवे असते. ठिणगी नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही.

इंधन मिळण्याचे म्हणाल तर बहुतेक मासेमारी बंदरांत मच्छीमार सोसायटीचा डिझेल पंप जेटीजवळच असतो. पेट्रोलसाठी रिक्षा करून गावाबाहेरच्या पंपावर जावे लागते, आणि चाचणीच्या त्या दोन दिवसांत आम्हाला दोन पंपांवर कॅनमध्ये पेट्रोल द्यायला सरळ नकार मिळाला. खपाचा हिशेबही मांडून पाहिला. पाच नॉटला आमच्या होडीला डिझेल तासाला साधारण सव्वा लिटर लागेल, पेट्रोल दोन लिटरहून थोडे अधिक. चाळीस लिटरमध्ये पहिल्यावर १६० सागरी मैल जाता येईल, दुसऱ्यावर ९०.

विजेचा मुद्दा पूर्वी मोठा होता, कारण लहान आउटबोर्ड जेमतेम सहा ते बारा अँपिअर देते आणि डिझेलचा आल्टरनेटर सहज पस्तीस. सोलर पॅनेलनंतर तो गौण झाला. १०० वॉटचे एक पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला तीसेक अँपिअर-तास देते आणि आमचे दिवे, रेडिओ आणि मोबाइल त्यावर भागतात. बॅटरीवरच्या मोटारीबद्दल भाचा आग्रहाने विचारतो. एक लिटर डिझेलमधून शाफ्टवर सुमारे सव्वातीन युनिट काम मिळते, म्हणजे पाच युनिटची महागडी लिथियम बॅटरी ही दीड लिटर डिझेलएवढी. गंगापूर धरणाच्या पाण्यावर ते शोभेल.

मग राहिला दुरुस्तीचा प्रश्न, आणि मला वाटते निवड खरी इथेच झाली. इंजिन नाशिकला आणून दुरुस्त करता येईल हे मेहुण्यांचे म्हणणे खरे होते, पण इंजिन नाशिकमध्ये बंद पडत नाही. ते कोर्लईखाली बंद पडते, दिघीला पडते, जयगडला पडते, आणि तिथे प्रत्येक खाडीत डिझेल उघडून जोडणारा एखादा मिस्त्री असतो, कारण मच्छीमार बोटींच्या पोटात डिझेलच असते. आजच्या आउटबोर्डमधील इलेक्ट्रॉनिक डबी उघडायला त्याच्याकडे साधन नसते. डिझेलमध्ये पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा, ज्याला इंपेलर म्हणतात, चार स्क्रू काढले की हातात येतो. आउटबोर्डमध्ये त्यासाठी पायाचा खालचा भाग पूर्ण उतरवावा लागतो. खाडीच्या गढूळ पाण्यात हा इंपेलर लवकर झिजतो आणि कोरडा फिरला तर मिनिटभरात त्याची पाती तुटतात, म्हणून तो होडीवर बसून बदलता येणे ही काही चैन नव्हे.

जुनेच इंजिन पुन्हा उभे करावे का, हेही पाहिले. पण ते थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे आहे. मीठ आत बसू नये म्हणून अशी इंजिने साठ अंशांच्या आसपासच चालवावी लागतात, आणि तीस वर्षांत ब्लॉकच्या आतल्या वाटा किती खाल्ल्या गेल्या हे उघडल्यावरच कळले. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर एका जागी तो आत गेला. तिथे विषय संपला. आम्ही दोन सिलिंडरचे, चौदा अश्वशक्तीचे इंजिन ठरवले आहे, ज्यात आत गोडे पाणी फिरते आणि समुद्राचे पाणी फक्त बाहेरच्या नळ्यांच्या डब्यातून जाते. लहान सागरी डिझेल बहुधा शेतीच्या किंवा उद्योगाच्या इंजिनांचेच समुद्रासाठी केलेले रूप असते. बीटा मरीन आणि नानी या दोन्ही कंपन्या कुबोटाची इंजिने घेऊन तेच करतात, आणि कुबोटाचे अरुंद ट्रॅक्टर तर आमच्याकडे द्राक्षबागेच्या ओळींमधून फिरत असतात. म्हणून प्रत्येक सुटा भाग जुळेलच असे नाही, आणि जुळेल असे गृहीत धरून तर मुळीच चालू नये. पण पिंपळगावच्या मिस्त्रीला हे इंजिन परके वाटणार नाही एवढे खरे. होडीच्या बुडातून सरळ खाली उतरणारा सेलड्राइव्ह मात्र नको म्हटले: खाऱ्या पाण्यात कायम बुडालेले ॲल्युमिनियम, भोवती मोठा रबरी पडदा, आणि तो ठरावीक वर्षांनी होडी वर घेऊन बदलणे, हे २५० किलोमीटरवरून आम्हाला झेपणारे नाही.

होडी २४ फुटांच्या आत आणि वजन दीड टनापर्यंत असती, किंवा पिछाडीच्या पुढे आउटबोर्डसाठी विहिरीसारखी जागा मुळातच ठेवलेली असती, तर मी मेहुण्यांच्या बाजूने मत दिले असते. त्यांचेही अगदीच काही गेले नाही: लहान डिंगीसाठी, म्हणजे होडीसोबतच्या छोट्या नावेसाठी, अडीच अश्वशक्तीचे आउटबोर्ड घ्यायचे ठरले आहे, ते त्यांच्या डिकीतून ये-जा करेल, आणि वेळ आली तर डिंगी बाजूला बांधून शांत पाण्यात होडीला दोन नॉटने ढकलू शकेल.

नवे इंजिन नारळी पौर्णिमेनंतर बसेल. परवा माहितीपत्रक आप्पांना दाखवायला मळ्यावर नेले. चष्मा लावून त्यांनी सगळी चित्रे नीट पाहिली, फिल्टर कुठे, डिझेल पंप कुठे, हे बोट ठेवून मला विचारले, आणि मग पान उलटून पुन्हा मागे येत म्हणाले, "याला हँडल कुठं मारायचं?" हँडल नाही. सेल्फ चालला तर इंजिन, नाही तर लोखंड. त्यामुळे आता फक्त इंजिनासाठी राखून ठेवायची दुसरी बॅटरी आणि मधला स्विच यांची भर यादीत पडली आहे, आणि येत्या रविवारी टेप घेऊन डाव्या बाकाखालची जागा मोजायला जायचे आहे.